इंजेक्शनच्या आधी महिने मोज

‘वय ३२, वजन ८४ किलो, उंची पाच फूट दोन इंच. लग्नाला चार वर्षं झाली. पीसीओएसमुळं (अंडाशयातल्या हार्मोनच्या बिघाडामुळं) पाळी दोन-दोन महिने येत नाही. डॉक्टर म्हणतात, आधी वजन उतरवा, मग ट्रीटमेंट बघू. नणंद म्हणते, आठवड्याचं ते इंजेक्शन घे. हळदीकुंकवाला गेलं की सगळ्या माझ्या पोटाकडंच बघतात. ताई, काय करू?’
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

पोरी, हे वजन तू तांबड्या-पांढऱ्यावर ताव मारून चढवलेलं नाहीस, हे आधी मनावर घे. पीसीओएसमध्ये पुष्कळ जणींच्या शरीराला इन्सुलिन नीट लागू पडत नाही, म्हणून ते जास्त तयार होतं. त्यानं अंडाशयात पुरुषी हार्मोन वाढतात, बीज सुटत नाही, पाळी लांबते. पाच ते दहा टक्के वजन, म्हणजे तुझे चार ते आठ किलो, उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारते.

नणंद म्हणते ते बहुतेक सेमाग्लुटाइड किंवा टिरझेपटाइड असणार. दोन्हींनी भूक कमी होते, वजन खरंच उतरतं. पण महिने मोज. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर चार आठवड्यांनी वाढवतात; वजनासाठीच्या २.४ च्या डोसपर्यंत पोचायलाच चार महिने. ते शरीरातून सावकाश जातं, म्हणून गर्भ राहू देण्याच्या किमान दोन महिने आधी बंद करायचं. मधला काळ धरलास की वर्ष गेलंच. शिवाय बंद केल्यावर भूक परत येते आणि बऱ्याचदा वजनही.

तोवर गर्भ राहू द्यायचा नाही. वजन उतरायला लागलं की बीज अवचित सुटतं, पाळी यायची वाट न बघता गर्भ राहू शकतो. टिरझेपटाइडमुळं गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, तेव्हा निरोधच वापरा. घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झालाय का, तुला कधी स्वादुपिंडाला सूज आली होती का, हे डॉक्टरांना सांग. चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून हे इंजेक्शन आणू नकोस.

‘आधी वजन उतरवा’ एवढंच सांगून पाठवलेलं मला पटलेलं नाही. किती किलो, किती महिन्यांत, आणि नाही उतरलं तर पुढं काय, हे स्पष्ट विचार. नेदरलँड्समधल्या २०१६ च्या एका अभ्यासात सहा महिने वजनासाठी थांबलेल्या बायकांना लगेच उपचार घेतलेल्यांपेक्षा जास्त बाळं झाली नाहीत. बीज सुटण्यासाठी लेट्रोझोलच्या गोळ्या पीसीओएसमध्ये पहिल्यांदा देतात. त्या तुला आत्ताच चालतील का, विचार. फॉलिक ॲसिडचंही, म्हणजे गर्भ राहण्याआधीपासून घ्यायच्या जीवनसत्त्वाचंही, विचार.

आणि एक. तुझ्या पत्रात नवऱ्याचा एकही रिपोर्ट नाही. चार वर्षं झाली, त्यांची वीर्यतपासणी झाली आहे का? नसेल तर याच आठवड्यात करून घ्या, इंजेक्शनचं त्यानंतर बघू. पुढच्या हळदीकुंकवाला जावंसं वाटलं नाही तर जाऊ नकोस. सासूबाईंना कारण नवऱ्यानं सांगावं.