अमेरिकेच्या दक्षिणेतील एखाद्या राज्याच्या इतिहासातला सर्वांत रंगतदार प्रसंग कोणता?

माझे उत्तर जॉर्जिया राज्यातील १९४७ सालचा तीन गव्हर्नरांचा वाद असे आहे.

युजीन टॅलमॅज हे लाल गॅलस (पँट सांभाळणारे खांद्यावरचे पट्टे) लावून सभा गाजवणारे आणि गव्हर्नरच्या निवासस्थानाच्या हिरवळीवर गाई चारणारे नेते होते. लोकांना त्यांच्या या लकबींचे भारी कौतुक असे. मात्र १९४६ चा त्यांचा प्रचार कृष्णवर्णीयांना पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीपासून दूर ठेवण्याच्या उघड आश्वासनावर उभा होता, हे विसरून त्यांच्याकडे केवळ गंमत म्हणून पाहणे मला पटत नाही. त्या प्राथमिक निवडणुकीत जेम्स कार्मायकेल यांना अधिक मते मिळूनही, लहान कौंटींना (राज्यातील जिल्ह्यांसारख्या विभागांना) झुकते माप देणाऱ्या ‘कौंटी युनिट’ पद्धतीमुळे टॅलमॅज विजयी ठरले. मात्र शपथ घेण्यापूर्वीच, डिसेंबरमध्ये, त्यांचे निधन झाले.

नवनिर्वाचित गव्हर्नरच मरण पावला तर काय करावे, याविषयी राज्यघटना स्पष्ट नव्हती. नव्याने निर्माण झालेल्या उपगव्हर्नरपदावर निवडून आलेले एम. ई. थॉम्पसन यांनी पदावर दावा सांगितला. मावळते गव्हर्नर एलिस आर्नल यांनी खुर्ची सोडण्यास नकार दिला. आणि टॅलमॅज यांच्या समर्थकांनी काही मतपत्रिकांवर हाताने लिहिलेल्या त्यांच्या मुलाच्या, हर्मनच्या, नावाचा आधार घेऊन त्याला विधिमंडळाकडून निवडून घेतले. हर्मनने कार्यालयाची कुलुपे बदलली, तेव्हा आर्नल यांनी विधानभवनाच्या घुमटाखालील चौकशी-कक्षातच आपले बस्तान मांडले. पुढे पत्रकार जॉर्ज गुडविन यांनी उघडकीस आणले की, टॅलमॅज यांच्या टेलफेअर कौंटीत हर्मनच्या नावाची ३४ मतदारांची मते चक्क वर्णानुक्रमाने पडली होती आणि मतदारांत काही मृत व्यक्तीही होत्या!

माझ्या लेखी या सर्वांहून मोठे पात्र म्हणजे राज्याचे सचिव बेन फोर्टसन. राजमुद्रेवाचून सरकारी दस्तऐवज अधिकृत होत नसत, म्हणून कोर्टाचा निकाल लागेपर्यंत ती कोणाच्याही हाती न देता चाकांच्या खुर्चीत वावरणारे हे गृहस्थ तिला आपल्या आसनाच्या उशीखाली ठेवून तिच्यावर बसून राहिले.

मार्चमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने थॉम्पसन यांच्या बाजूने कौल दिला आणि हर्मन पायउतार झाले. पण १९४८ च्या विशेष निवडणुकीत मतदारांनी त्यांनाच रीतसर निवडून दिले, आणि ‘कौंटी युनिट’ पद्धत तर १९६२ मध्ये संघीय न्यायालयाने रोखेपर्यंत चालूच राहिली; १९६३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली.