माकड, वानर आणि चिंपांझी

प्रश्न : अंजनेरीच्या सहलीत मुलांमध्ये वाद झाला. माकड आणि वानर एकच का? आणि मग चिंपांझी यांतला कोण? (एक शिक्षिका, नाशिकरोड)

एकच नव्हेत. कोशात ते समानार्थी दिलेले असोत, आपल्या बोलीने फरक नीट सांभाळलाय : लाल तोंडाचं ते माकड, काळ्या तोंडाचं, लांबलचक शेपटीचं ते वानर. हा भेद आतही आहे. माकडाच्या गालांत पिशव्या असतात. तुमच्या हातचे फुटाणे पळवले की ते आधी तिथे कोंबतं, चावणं मग सावकाश. वानराला त्या नसतात. त्याचा भर पाल्यावर, म्हणून जठर कप्प्याकप्प्यांचं, पाला आत आंबवून पचवणारं.

तरी दोघांचं कूळ एकच. खूण दाढांत सापडते : दाढेवर चार उंचवटे, दोन-दोन आडव्या कंगोऱ्यांनी जोडलेले. चिंपांझीच्या खालच्या दाढेवर मात्र पाच, आणि मधल्या खाचा इंग्रजी 'वाय'सारख्या. गोरिला, ओरांगउटान, गिबन आणि आपण, सगळ्यांचा मूळ साचा हाच. शिवाय छाती रुंद, खांद्याचं पातं पाठीवर, त्यामुळे हात डोक्यावरून गरगर फिरतो. या गटाला कपी म्हणावं. संस्कृतात कपी म्हणजे कुठलंही माकड, मारुतीरायही कपीच. तेव्हा अंजनेरीवर, त्याच्या जन्मस्थानी, हा शब्द जपून काढा! 'एप' म्हटलंत तरी माझी हरकत नाही.

'बिनशेपटीचं माकड' मात्र नको. उत्तर आफ्रिकेतल्या बार्बरी मॅकाकला शेपूट जवळजवळ नसतंच, पण दाढा बघितल्या तर ते पक्कं माकड. उलट ज्याला आपण माकडहाड म्हणतो ते शेपटीवाल्या माकडाला नसतं; ते कपींचं आणि आपलं.

इंग्रज जीवशास्त्रज्ञ टॉमस हक्सले यांनी १८६३ मध्येच हाडं ताडून दाखवलं होतं, की गोरिला माकडांपेक्षा माणसाला जवळचा. पण पुढेही बराच काळ चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान एका कुळात आणि माणूस वेगळ्या, अशीच मांडणी चालली, कारण बाह्यतः ते तिघे एकमेकांसारखे दिसतात. १९६०च्या दशकात रक्तातल्या प्रथिनांनी ती मोडली, आणि पुढे डीएनएवरून कळलं की चिंपांझीचं जवळचं नातं गोरिलाशी नाही, आपल्याशी आहे.