किती कडक नाही, कधी कडक ते बघ

अगं पोरी,

काल फोनवर म्हणालीस ना, सर मला सिकलसेलच्या, म्हणजे त्या रक्ताच्या आनुवंशिक आजारातल्या, तांबड्या पेशी किती कडक होतात ते मोजायचंय, तेव्हापासून तेच डोक्यात आहे. लई बरं वाटलं. पण तुझा प्रश्न अर्धाच आहे गं. किती कडक यापेक्षा कधी कडक होते ते महत्त्वाचं.

हे बघ, तांबडी पेशी साधारण 8 मायक्रॉनची आणि केशवाहिन्या कितीतरी ठिकाणी तिच्यापेक्षा अरुंद, म्हणजे दर फेरीला ती अंग चोरून पलीकडं जाते नि परत मूळ आकारात येते, असं 120 दिवस चालतं. सिकलसेलमधे हिमोग्लोबिनचा एक भाग असलेल्या बीटा ग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन, एवढाच फरक, पण ऑक्सिजन सुटला की हे हिमोग्लोबिन एकमेकाला चिकटून लांब दोरे बनवतं. लगेच नाही बनवत! मधे थोडा वेळ जातो, आणि तेवढ्यात पेशी अरुंद जागेतून बाहेर पडली तर फुफ्फुसात जाऊन ऑक्सिजन घेते नि दोरे विरघळतात. आपल्या आयर्विन पुलावर नाही का, गाडी पूल ओलांडून बंद पडली तर कुणाचं काही अडत नाही, मधोमध बंद पडली की दोन्हीकडं रांगा.

हा वेळ ठरतो पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या दाटपणावर, आणि नातं जवळजवळ 30 व्या घातापर्यंत जातं. दाटपणा 5 टक्के वाढला तर वेळ चौथाईवर येतो, कॅल्क्युलेटरवर करून बघ. पेशंटला पाणी भरपूर पी म्हणतात त्याच्यामागं हे आहे. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने पेशंटच्या रक्तात गर्भावस्थेतल्या प्रकारचं हिमोग्लोबिन वाढतं आणि हाच वेळ लांबतो.

आता माझी चूक सांगतो, ती तू करू नकोस. एकदा नंदुरबारहून रात्रीच्या गाडीने सॅम्पल आलं, मी दुसऱ्या दिवशी मोजलं, आकडे एकदम ठळक आले, आठवडाभर मी खुशीत. पण रक्त नुसतं ठेवलं तरी पेशी कडक होत जातात, आणि मी तुलनेला घेतलेलं रक्त इथलं, सकाळी काढलेलं ताजं. निरोगी माणसाचं रक्त पण त्याच वेळी काढून त्याच डब्यातून आणायला पाहिजे होतं. सगळं फेकावं लागलं, आणि ते रक्त एका लहान मुलाचं होतं, त्याला सुई टोचून काढलेलं, हे मला अजून लागतं.

आणि सरासरीवर जाऊ नकोस. शंभरात दोन-चार पेशी वाट अडवतात, सरासरीत त्या दिसतच नाहीत, म्हणून एकेक पेशीचा आकडा वहीत ठेव.

कडकपणा मोजायच्या मशीनचं नंतर बघू. रविवारी सांगलीला ये, ऑक्सिजन काढून घेणारं सोडियम मेटाबायसल्फाइटचं द्रावण ताजं बनवू, स्लाइड सील करू आणि तू अर्धा तास मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता कुठली पेशी आधी वाकते ते बघ.

तुझे सर