चित्रं बघून संपवलेलं पुस्तक 'वाचलं' धरायचं का?

या वेळची दोन्ही पत्रं नाशिकचीच निघाली, विषयही जवळपास एकच, म्हणून शेजारी शेजारी लावलीयत.

प्रश्न : आम्ही इंदिरानगरला राहतो, मुलगा सहावीत आहे. शाळेतून आला की दप्तर फेकायचं आणि मोबाईल! मित्र समोरच्याच बिल्डिंगमधले, बाल्कनीतून हाक मारली तर ऐकू जाईल, पण बोलणार हेडफोनवरूनच. भावाने त्याला वाढदिवसाला एक इंग्रजी ग्राफिक नॉव्हेल दिलं, काही मित्र आणि त्यांचा व्हिडिओ गेम अशी गोष्ट. अख्खं पुस्तक दीड तासात खल्लास! ह्यांचं म्हणणं, याला वाचन म्हणत नाहीत, नुसती चित्रं बघितली, वर पुन्हा गेमचंच कौतुक. आता आनंद मानू का पैसे पाण्यात गेले म्हणू? – एक आई

उत्तर : ताई, दीड तास मोबाईल बाजूला पडला होता हे आधी धरा की हिशोबात! आणि 'ह्यांना' एक छोटी परीक्षा द्यायला लावा. पुस्तकातलं कुठलंही पान उघडा, बोलण्याच्या फुग्यांवर हात ठेवा आणि विचारा, कोण कोणावर चिडलंय ते सांगा. माझी स्वतःची भाचीसमोर पार फे फे उडाली होती, कारण आपण मोठे लोक फुगे वाचत पळत सुटतो, चित्राकडे बघतच नाही, आणि ही पोरं भुवया वाचतात.

समजा एका चौकटीत मुलगा हेडफोन लावून खिदळतोय. पुढच्या चौकटीत नुसता हेडफोन, गादीवर पडलेला, आणि त्यातून बारीक अक्षरात फुगा, "अरे, आहेस का?" मधल्या पांढऱ्या पट्टीत काय झालं? आई ओरडली, कोणी टोमणा मारला, का रडू आलं? कुठेच लिहिलेलं नसतं, ते वाचणाऱ्याने भरायचं. कॉमिकवाले या पट्टीला 'गटर' म्हणतात, नाव कसंही असो, पण खरं वाचन तिथेच होतं.

अमेरिकेत मुलांच्या पुस्तकांना न्यूबेरी मेडल १९२२ पासून देतात, ते ग्राफिक नॉव्हेलला पहिल्यांदा मिळालं २०२० मध्ये, जेरी क्राफ्ट यांच्या 'न्यू किड'ला. म्हणजे तिथल्या परीक्षकांनाही ९८ वर्षं लागली, तुमच्या ह्यांना दोन महिने द्यायला हरकत नाही. (आणि त्यांना हळूच विचारा, लहानपणी अमर चित्र कथा वाचायचात तेव्हा घरी कोणी म्हणालं होतं का, की हे वाचन नाही म्हणून?)

गेमच्या कौतुकाचं म्हणाल तर अशा गोष्टींत गेम हा नुसता कट्टा असतो हो, जसा आपल्याकडे पार किंवा सोसायटीचा जिना. खरी भानगड मैत्रीची. बऱ्याच गेममध्ये स्क्वाड चौघांचा असतो आणि मित्र असतात पाच, मग पाचव्याने काय करायचं? आपण गल्लीत क्रिकेट खेळताना धाकट्याला कच्चा लिंबू म्हणून घ्यायचो, फिल्डिंगला उभं करायचो, त्याचंही समाधान व्हायचं. इथे जागा चार म्हणजे चार, कच्चा लिंबू हा प्रकारच नाही. तुमच्या मुलाला 'पुस्तकातून काय शिकलास' असं चुकूनही विचारू नका, 'तुमच्यात पाचवा कोण असतो रे' एवढं विचारा आणि गप्प बसा. बोलेल तो.

एक मात्र आहे, दीड तास म्हणजे पळत वाचलंय. ते मित्राला वाचायला देऊ दे, परत आल्यावर स्वतःच पुन्हा उघडेल. ही पुस्तकं महाग असतात, त्यामुळे सावानातही, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातही चक्कर मारा, १८४० पासूनचं वाचनालय आहे आपलं, नसेल पुस्तक तर मागणी नोंदवून या.

प्रश्न : ताई, मी आणि माझ्या दोन मैत्रिणी सातवीत आहोत, पंचवटीत राहतो. आम्हाला आमच्या गेमवर स्वतःचं ग्राफिक नॉव्हेल करायचंय. तीन पानं झाली पण नुसती फायटिंगच झाली आणि तिघींचे चेहरेपण सेम दिसतात. आता आमचंच भांडण झालंय. काय करू?

उत्तर : अगं, मग गोष्ट मिळाली की! फायटिंग अर्ध्या पानात संपवा. ऐन मॅचमध्ये पाऊस आला आणि एकीकडची लाईट गेली, वायफाय बंद, उरलेल्या दोघींना वाटलं ही हरायला लागलो म्हणून मुद्दाम पळाली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या रिक्षात तिच्या शेजारची जागा रिकामी. बघ, इथे एकही फुगा लागणार नाही.

चेहऱ्यांचं सोपं आहे. तिघींची चित्रं काळ्या रंगाने पूर्ण भरून टाका, नुसत्या सावलीवरून ओळखू आल्या पाहिजेत. एकीच्या दोन वेण्या, एक उंच किडकिडीत, एकीची सॅक कायम एकाच खांद्यावर, असं काहीतरी. गेममधल्या चौकटी पट्टीने आखा, घरातल्या हाताने, म्हणजे आपण कुठल्या जगात आहोत ते सांगावं लागत नाही.

आधी अक्षरं लिहा, मग भोवती फुगा काढा. उलटं केलंत तर शेवटचा शब्द चेंगरतो, आणि आपल्या वेलांट्या-मात्रांना वर-खाली जागा लागतेच. जी आधी बोलते तिचा फुगा डावीकडे. एका पानावर पाच-सहा चौकटी पुरे. पुढे काय झालं असं वाटायला लावायचं असेल तर ती चौकट उजव्या पानाच्या अगदी खाली ठेवा, पान उलटावंच लागतं मग.

चार ए-फोर कागद मधोमध दुमडलेत की सोळा पानांचं पुस्तक होतं, पण पहिलं आणि सोळावं पान एकाच कागदावर शेजारी शेजारी येतं, त्यामुळे आधी कोरे कागद दुमडून नंबर टाका, नाहीतर झेरॉक्स काढल्यावर डोक्याला हात लावाल. चित्रं तिघींनी वाटून घ्या, अक्षर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकीचंच. कुणाचं, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा.