डॉक्टर होऊन गोळ्या बंद करायला शिकवणार?

ताई, नमस्कार.

मुलाची इंटर्नशिप संपत आलीये. तो हृदयरोगाकडे वळणार, असं घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. आता तो म्हणतोय, वृद्धांच्या आजारांचा विषय घेईन आणि पुढे डॉक्टरांनाच वयस्कर रुग्णांसाठी औषधं जपून लिहायला शिकवेन. तुम्ही विचारलंय, ‘औषधं लिहिणं प्रत्येक डॉक्टरला येतंच, त्यात वेगळं काय शिकवायचं? आणि त्यावर पोट भरेल का?’

आधी पहिला प्रश्न. कॉलेजात औषधं शिकवतात ती एकेका आजाराच्या हिशेबाने. ऐंशीच्या घरातला रुग्ण मात्र चार-पाच आजार एकदम घेऊन येतो, आणि बहुतेक वेळा प्रत्येक आजाराचा डॉक्टर वेगळा. समजा, रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू झालं आणि पावलं सुजली. सूज गोळीमुळे आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून लघवी वाढवणारी गोळी आली. मग लघवी आवरेना, त्यासाठी ऑक्सिब्युटिनिन. त्याने आजी असंबद्ध बोलायला लागल्या, तर घरचे म्हणतात, वयच झालंय. यातली एकेक चिठ्ठी सुटी पाहिली तर बरोबरच वाटते. एका गोळीचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरी गोळी देत जाण्याच्या या साखळीला प्रिस्क्रायबिंग कॅस्केड म्हणतात. तो ओळखायला सगळ्या चिठ्ठ्या तारखेनुसार समोर मांडाव्या लागतात, आणि ही सवय कुणीतरी लावावी लागते.

दुसरी गोष्ट मूत्रपिंडाची. २४ वर्षांची, ६० किलोची मुलगी आणि ८४ वर्षांच्या, ४५ किलोच्या आजी, दोघींचं क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा, मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा पदार्थ) ०.९. दोन्ही रिपोर्टवर ‘नॉर्मल’. मूत्रपिंड किती गाळतं याचा अंदाज देणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रात वय आणि वजन घातलं, की मुलीचं उत्तर मिनिटाला साधारण ९१ मिलिलिटर येतं आणि आजींचं ३३. स्नायू झिजले की क्रिएटिनिन मुळात कमीच तयार होतं, म्हणून रिपोर्ट फसवतो. मूत्रपिंडावाटे बाहेर पडणाऱ्या कितीतरी औषधांचा डोस इथे कमी करावा लागतो. सूत्र १९७६ सालचं आहे, डॉक्टरांना ठाऊकही असतं. गर्दीच्या ओपीडीत ते वापरायचं राहून जातं.

वृद्धांना शक्यतो कोणती औषधं टाळावीत याच्या याद्याही आहेत. बिअर्स निकष १९९१ मध्ये आले, स्टॉप-स्टार्ट २००८ मध्ये. दोन्हींची सुधारित आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. पण नुसती यादी भिंतीवर लावून कुणाचा हात बदलत नाही, असं माझं मत. खरी अडचण असते ती वरिष्ठांनी लिहिलेली गोळी बंद कशी करायची ही. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? म्हणून चांगल्या प्रशिक्षणात खऱ्या चिठ्ठ्या घेऊन बसतात, फार्मासिस्टला राउंडला सोबत नेतात, मूळ डॉक्टरला फोन करून काय आणि कसं बोलायचं याचा सरावही करतात. शिवाय बंद करण्याचंही तंत्र आहे. वर्षानुवर्षं चाललेली झोपेची गोळी किंवा बीटा ब्लॉकर (रक्तदाब-हृदयविकाराचं औषध) एका दिवसात तोडलं तर अनर्थ होऊ शकतो.

आता पोटापाण्याचं. अँजिओप्लास्टी करणाऱ्याइतकी कमाई होणार नाही, हे धरूनच चला. पण काम भरपूर आहे: वृद्धोपचार विभाग, वैद्यकीय महाविद्यालयं, रुग्णालयांच्या औषध-सुरक्षा समित्या, चिठ्ठी लिहितानाच धोक्याची सूचना देणारी सॉफ्टवेअर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी गंभीर, टाळता येण्याजोगी हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचं उद्दिष्ट ठेवून मोहीम सुरू केली, तेव्हापासून या विषयाकडे बऱ्यापैकी लक्ष गेलंय.

वाटा मुख्यतः दोन. वृद्धवैद्यक किंवा क्लिनिकल फार्माकॉलॉजी, म्हणजे रुग्णांवरच्या औषधांच्या परिणामांचं शास्त्र. वैद्यकीय शिक्षणशास्त्राचा अभ्यासक्रम त्यानंतर, नोकरी सांभाळूनही होतो. माझं विचाराल तर आधी वृद्धवैद्यक. जो स्वतः रुग्ण पाहतो आणि ज्याच्या सहीने औषध बंद होतं, त्याचं डॉक्टर ऐकतात. नुसत्या व्याख्यात्याला टाळ्या मिळतात आणि दुसऱ्या दिवशी चिठ्ठी पूर्वीसारखीच निघते.

फॉर्म भरण्याआधी त्याला एक करायला सांगा. वॉर्डातल्या एखाद्या वरिष्ठांच्या परवानगीने काही वयस्कर रुग्णांना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगायचं, स्वतःहून दुकानातून घेतलेल्या सर्दीच्या आणि पित्ताच्या गोळ्यांसकट. प्रत्येक गोळी का, कधीपासून, कुणी दिली, रुग्ण ती खरंच घेतो का, हे लिहून काढायचं. स्वतःच्या अधिकारात काहीही बंद करायचं नाही, नोंदी वरिष्ठांपुढे ठेवायच्या. एका पिशवीला अर्धा-पाऊण तास सहज जातो. ऐकायला कमी येतं, तेच तेच तीनदा सांगावं लागतं. चार-पाच पिशव्यांनंतर तो कंटाळला तर हृदयरोगाची वाट आहेच. सहावी पिशवी त्याने आपणहून मागितली, तर मात्र ताई, त्याला अडवू नका.