वाचकांचे प्रश्न : ही स्कायलाइन खरी जीटी-आर आहे का?

प्रश्न : मी कावासाकीत राहतो. रस्त्यावर जुन्या निसान स्कायलाइन दिसतात आणि बऱ्याच गाड्यांवर जीटी-आरचा (म्हणजे स्कायलाइनच्या सर्वांत दमदार आवृत्तीचा) बिल्ला असतो. खरी कोणती, हे बाहेरून कसं ओळखायचं?

उत्तर : बिल्ला कुठेही विकत मिळतो. मागचे चार गोल दिवे साध्या स्कायलाइन कूपेलाही (दोन दारांच्या गाडीलाही) असतात. म्हणून या दोन्हींवर विसंबू नका.

गाडी आर३२ या पिढीची असेल (तिची जीटी-आर १९८९ ते १९९४), तर नंबरप्लेट वाचा. गावाच्या नावाशेजारी छोटा वर्ग क्रमांक असतो. तो ५ ने सुरू होत असेल, तर विषयच मिटला, ती खरी जीटी-आर नाही. त्या वर्गात १७०० मिमी रुंदी आणि २००० सीसीच्या आतल्याच गाड्या बसतात. जीटी-आर १७५५ मिमी रुंद आणि २५६८ सीसीची आहे. १६९५ मिमीची जीटीएस-टी, म्हणजे साधी टर्बो आर३२, मात्र त्यात चपखल बसते. ३ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे खात्री नव्हे, कारण अडीच लिटरची साधी आर३२ही त्याच वर्गात येते. क्रमांक नुसता ‘३३’ असा दोन आकडी दिसला, तर जरूर थांबून बघा. तीन आकडी क्रमांक १९९८-९९ मध्ये आले. म्हणजे ती गाडी तेव्हापासून त्याच कार्यालयाच्या हद्दीत नोंदलेली आहे.

आर३४ या नंतरच्या पिढीला ही युक्ती चालत नाही, कारण तिची साधी टर्बो आवृत्ती जीटी-टीसुद्धा १७२० मिमी रुंद, म्हणजे ३ च्याच वर्गातली. जीटी-आर १७८५ मिमीची आहे, आणि हा ६५ मिमीचा फरक मागच्या चाकापाशी शोधायचा. पुढचा बंपर, बॉनेट आणि फेंडर बोल्टवर बसतात, त्यामुळे ते सहज बदलता येतात. मागचं पॅनल मात्र बॉडीला वेल्ड केलेलं असतं. ते कापायचं काम खर्चिक, म्हणून बहुतेक नकला दारापाशी थांबतात. गाडीच्या मागे तिरपं उभं राहा. दाराच्या कडेपासून चाकाच्या कमानीपर्यंत पत्रा ठळक फुगत गेला पाहिजे. पुढून रुंद आणि मागून सपाट दिसली, तर ती जीटी-टी. कमान वाढवून घेतली असेल, तर आतल्या कडेला पुट्टीच्या बारीक चिरा दिसतात. ब्रेम्बो कंपनीचे कॅलिपर (चाकाच्या आत दिसणारा ब्रेकचा भाग) हा कच्चा पुरावा, तेही बदलून मिळतात.

प्रश्न : अशा गाड्यांचे शौकीन जमतात त्या योकोहामाच्या दाइकोकू पार्किंग एरियात पायी जाता येतं का?

उत्तर : नाही. ती जागा एक्स्प्रेसवेच्या आत आहे, शहरातून पायवाट नाही. टॅक्सीने गेलात, तर तीच थांबवून ठेवा. परतीला दुसरी मिळणार नाही. शनिवार-रविवारच्या रात्री गर्दी वाढली की पोलीस ती बऱ्याचदा बंद करतात, म्हणून रविवारची सकाळ बरी. फोटोआधी मालकाला विचारा, नंबरप्लेट झाका, आणि कुणालाही इंजिन रेस करायला सांगू नका. त्या आवाजामुळेच जागा बंद होते.

प्रश्न : पुण्यात इव्हो ९ (मित्सुबिशी लान्सरची वेगवान टर्बो आवृत्ती) सारखी लान्सर दिसते. ती सेडिया, म्हणजे साधी लान्सर, असेल का?

उत्तर : शक्यता तीच जास्त. सेडिया आणि इव्हो ७ ते ९ यांचा मूळ सांगाडा एकच, त्यामुळे किट चांगलं बसतं. आपल्याकडची सेडिया विनाटर्बो होती, म्हणून बंपरच्या तोंडात इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) आहे का ते बघा. असला तरी टर्बो मागाहून बसवलेला असू शकतो. तेव्हा इथेही मागची कमान तपासा : इव्हो १७७० मिमी, सेडिया १६९५ मिमी.