रोज दहा मिनिटं गाडी चालू ठेवते, तरी बॅटरी बसतेच!

प्रश्न : आमची छोटी पेट्रोल गाडी नऊ वर्षं जुनी आहे. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून महिन्यातून एखाद वेळेसच बाहेर निघते. मी रोज सकाळी पार्किंगमध्ये जाऊन दहा मिनिटं चालू ठेवते, एसीही लावते म्हणजे तोही बिघडायला नको. तरी तीन वर्षांत दोन बॅटऱ्या गेल्या. काय चुकतंय? – एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : काकू, तुम्ही गाडीला इतकं जपताय आणि नेमकी ती दहा मिनिटंच कामाला येत नाहीयेत, हे लिहिताना मलाच वाईट वाटतंय. इंजिन जागेवर हळू फिरत असताना अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, कमी करंट देतो, त्यातला बराचसा एसीचा पंखा आणि ब्लोअरच खातो, मग बॅटरीच्या वाट्याला उरतं काय? शिवाय बॅटरी चार्ज सावकाश घेते, दहा मिनिटांत तिचं पोट भरत नाही.

आणि गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक थोडं थोडं पीतच असतात. समजा ३० मिलिअँपिअर धरले तरी महिन्याला साधारण २१ अँपिअर-अवर (बॅटरीत साठलेल्या चार्जचं माप) जातात, आणि छोट्या गाडीची बॅटरी असते ३५ ची! अर्धवट चार्ज राहिली की आतल्या प्लेटवर सल्फेट जमून कडक होतं आणि मग ती कितीही चार्ज केली तरी पूर्वीसारखी होत नाही.

माझ्या वडिलांची गाडीही अशीच उभी असते. एकदा मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचा मीटर, लावून बघितलं तर १२.१ व्होल्ट, म्हणजे निम्म्याच्याही खाली, आणि ते म्हणत होते अरे कालच तर सुरू केली होती! पूर्ण भरलेली बॅटरी काही तास गाडी बंद ठेवल्यावर १२.६ च्या आसपास दाखवते. १२.४ च्या खाली गेली की चार्ज करा. साधा मीटर चारपाचशे रुपयांत मिळतो, जरूर घ्या.

आता उपाय. रोजचं बंद करा आणि आठवड्यातून एकदा सलग ३०-४० मिनिटं चालवा, रविवारी सकाळी ट्रॅफिक व्हायच्या आत सिंहगड रोडने खडकवासल्यापर्यंत जाऊन आलात तर उत्तमच, मुलगा-सून कुणी येत असेल तर त्यांना पाठवा. तीन-चार आठवडे गाडी निघणारच नसेल तर निगेटिव्ह म्हणजे काळी वायर काढून ठेवा. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो. काढताना काळी आधी, लावताना काळी शेवटी, कारण काळी जोडलेली असताना लाल सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते. वायर काढली की रिमोट चालणार नाही, दार चावीनेच लॉक करावं लागेल, घड्याळही नंतर परत लावावं लागेल. पार्किंगमध्ये प्लग असेल तर स्मार्ट चार्जर सगळ्यात सोपा, भरली की आपोआप करंट कमी करतो. पण बंद खोलीत चार्ज करू नका, बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

बॅटरीचं आयुष्य खरं खातो तो उन्हाळा. एप्रिल-मेच्या उन्हात आतलं पाणी उडतं, झाकणवाली बॅटरी असेल तर लेव्हल बघून फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं नाही. पावसाळ्यात टर्मिनलवर, म्हणजे वायरी जोडतात त्या टोकांवर, पांढरी-हिरवट पूड धरते. ही पूड, आधी काळी वायर काढून, खाण्याचा सोडा आणि गरम पाण्याने जुन्या ब्रशने घासा, वाळल्यावर व्हॅसलीन लावा. आणि उन्हाळ्यात दमलेली बॅटरी जानेवारीच्या थंड सकाळी घर्र घर्र करून हात टेकते, आपण मात्र थंडीला बोल लावतो.

तिसरी बॅटरी घ्यायच्या आधी आत्ताची पूर्ण चार्ज करून दुकानात लोड टेस्ट (जोराचा करंट ओढून बॅटरी तग धरते का ते बघणं) करून घ्या, कदाचित अजून चालेल. नवीनच घ्यावी लागली तर तिच्यावरचा बनवल्याचा महिना वाचून घ्या, दुकानात सहा-आठ महिने पडून राहिलेली नको, आणि वॉरंटी कार्डावर तारखेसकट शिक्का मारूनच बाहेर पडा.